शहरात बघण्यासारखं काहीच नाही म्हणे!

खडकीकर: काल एका पुणेकर भावानं पोस्ट टाकली, की संभाजीनगरला निस्ता मुक्काम करा, एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, शहरात वेळ घालवू नका, बीबी का मकबरा म्हणजे गरिबाचा ताज, लांबून फोटो काढा अन् निघा. खाली सगळे 'थँक्यू दादा, पैसे वाचले' म्हणू लागले, म्हणून लिहायलोय.
मकबरा गरिबाचा तर गरिबाचा. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला म्हणतात, वरचे सात आणेसुद्धा लिहून ठेवलेत. संगमरवर खालच्या पट्ट्याला अन् घुमटाला, बाकी चुन्याचा गिलावा, पण तो गिलावा जवळ जाऊन कोण बघतंय? कबर खाली आहे, वरून वाकून बघावी लागते, तिथं पण लोक चिल्लर फेकतात. अन् मकबऱ्याच्या मागं दोनेक किलोमीटरवर डोंगरात लेणी आहेत, तिकडं कुणी फिरकत नाही. सातव्या लेण्यात बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंनी छोट्या चौकटी, कुठं आग लागलेली, कुठं साप, कुठं हत्ती अंगावर आलेला, कुठं नाव बुडायलीय, अन् त्यातली माणसं त्याचा धावा करतायत. मी गेलो तेव्हा मी, बायको अन् वॉचमन. तिघंच.

पेठेतला प्रवासी: ती पोस्ट माझीच. शांतपणे सांगतो. नोकरदार माणसाला शनिवार-रविवार मिळतो, त्यात वेरूळचं कैलास लेणं सोडून मी गिलावा बघत बसू का? तुमच्या शहराचे ते जुने बावन्न दरवाजे बघायला गेलो तर रिक्षावाल्यानं तीन दाखवले, तेही न थांबता, अन् पैसे मात्र बावन्नचे घेतले.

जालना रोडवाला: बावन्न दरवाजे म्हणायची पद्धत आहे, दादा. जे उभे आहेत तेच आम्हाला रोज अडकवतात, एका कमानीतून दोन बाजूंची गर्दी घुसते.

परभणीची वहिनी: माझं ऐका. दोन वर्षांमागं पोरं अन् सासूबाईंना घेऊन एवढ्या लांबून आलो, वार मंगळवार. वेरूळ मंगळवारी बंद!! (अजिंठा सोमवारी, हे पण तेव्हाच कळलं.) सासूबाई म्हणल्या, वार बघून निघायला काय झालं होतं, ते आजवर ऐकतेय. मग घृष्णेश्वर केलं, भद्रा मारुती केला, येताना पाणचक्कीला थांबलो. नशिबानं पाणी होतं. ते दगडी जातं आपलं आपण गरगर फिरताना बघून धाकटा जागचा हलेना, 'आजी, याचं बटण कुठाय?' त्याला सहलीतलं तेवढंच आठवतं.

जालना रोडवाला: नशिबानं पाणी होतं!! वहिनी, आमच्या गल्लीत नळ आठ दिवसाला येतो. मलिक अंबरनं १६१० ला खडकी, म्हणजे हेच आपलं शहर, वसवली अन् डोंगरातलं पाणी जमिनीखालून नहरीनं गावात आणलं, मोटर नाही, वीज नाही, निस्ता उतार. पाणचक्की त्याच पाण्यावर फिरते. अन् आम्ही चारशे वर्षांनी टँकरवाल्याला 'दादा, कधी येताव' म्हणून फोन लावतो.

खडकीकर: भाऊ, विषय पर्यटनाचा आहे.

जालना रोडवाला: पर्यटनाचाच आहे, पाहुण्यांना आंघोळीला पाणी नको का?

रिटायर मास्तर: एक दुरुस्ती. पाणचक्कीला अंबरच्या नहरीचं पाणी नाही, तिची नहर वेगळी अन् नंतरची. अंबर १६२६ ला वारला, पाणचक्की अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली, तिथं फकिरांसाठी पीठ दळलं जायचं.

जालना रोडवाला: बरं मास्तर, चुकलो, छडी मारा. म्हणजे तेव्हा एक सोडून दोन-दोन नहरी होत्या. अजूनच लाज.

पेठेतला प्रवासी: पण जायकवाडी धरण तर तुमच्या जवळच आहे ना? मग पाण्याची बोंब कशाला?

जालना रोडवाला: तुम्ही तर बोलूच नका. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं उशाला घेऊन झोपता अन् आम्हाला विचारता! वरची धरणं भरल्याशिवाय आमच्याकडं थेंब सुटत नाही, अन् सोडायची वेळ आली की नगर-नाशिकवाले कोर्टात.

गोदाकाठचा (नाशिक): ओ, आमचे द्राक्षबाग जाळून तुम्हाला पाणी सोडायचं का? सोडलेलं निम्मं वाटेतच मुरतं.

जालना रोडवाला: मुरतं का मोटरी लावून उपसता, ते सांगा की.

गोदाकाठचा (नाशिक): तोंड सांभाळून बोला. धरणाखालचा ऊस आधी बंद करा, मग आमच्या मोटरी मोजा.

परभणीची वहिनी: आमच्याकडं उन्हाळ्यात हंड्याच्या रांगा असतात, अन् तुम्ही द्राक्षं अन् ऊस घेऊन भांडताव.

खडकीकर: झालं! लेण्यांवरून निघालेली गाडी उसाच्या फडात. आता कुणीतरी शहराच्या नावावरून सुरू करा म्हणजे पूर्ण होईल.

रिटायर मास्तर: लेण्यांच्या पाटीवर जुनंच नाव

खडकीकर: मास्तर, हात जोडतो.

पेठेतला प्रवासी: बरं ऐका. ती डोंगरातली लेणी मला खरंच माहीत नव्हती, कुठल्याच व्हिडिओत दिसली नाहीत. मान्य. एक अर्धा दिवस देईन. मकबऱ्याबद्दल मत तेच राहील.

खडकीकर: उपकार झाले. रिक्षाचं मात्र तुझं खरं आहे, लेण्यांना जाताना तीच रिक्षा थांबवून ठेव, परतीला काही मिळत नाही, मी उन्हात बायकोची बोलणी खात मकबऱ्यापर्यंत चालत आलोय. अन् दौलताबाद किल्ल्याची अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी रस्ता, दुपारच्या आत कर, वर चढताना जीव जातो.

नवीन मेंबर: नमस्कार, लातूरहून फॅमिलीसोबत येतोय. मंगळवारी सकाळी वेरूळ आणि संध्याकाळी मकबरा असा प्लॅन आहे, जमेल का?

परभणीची वहिनी: वर वाचा हो!