ध्वनिपुस्तक: एकमेकांचे उच्चार तपासताना कुठवर टोकायचं?

पानवाचक
आम्ही सात स्वयंसेवक मिळून प्रताधिकार संपलेली एक जुनी कादंबरी ध्वनिमुद्रित करतोय. प्रकरणं वाटून घेतली आहेत, आणि एकाचं वाचन दुसऱ्याने तपासायचं असं ठरलं आहे. पहिल्या तीन प्रकरणांवरच नव्वदच्या वर शेरे आलेत. निम्मे च-ज-झचे, बरेचसे ण-नचे, उरलेले ‘इथे जरा थांबायला हवं होतं’ छापाचे. यातलं काय पुन्हा वाचायला लावायचं आणि काय सोडून द्यायचं? शिवाय पुस्तकात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ असं जुनं लेखन आहे, तेही प्रत्येक जण वेगळं वाचतो. आणि दुरुस्त वाक्य मधे घातलं की तिथे आवाज बदललेला लगेच कळतो.

कानोसा
आधी कसोटी ठरवा: ऐकणाऱ्याच्या कानात दुसरा शब्द पडला का? ‘वेळ’चं ‘वेल’, ‘काळ’चं ‘काल’, ‘मूळ’चं ‘मूल’, ‘मण’चं ‘मन’ झालं तर वाक्य पुन्हा वाचायलाच हवं. ‘जरा थांब’ मधला ज दंततालव्य, म्हणजे ‘झाड’मधल्या झ च्या जवळचा, ‘जरामरण’ मधला तालव्य, ‘जीवन’मधला. हे दोन उलटे झाले तर ऐकणारा अडखळतो. ‘चार माणसं’ आणि ‘गुरांचा चारा’, ‘चरण धरले’ आणि ‘गाय चरते’, इथेही तेच.

शब्द तोच राहिला आणि फक्त वाचणाऱ्याच्या बोलण्याचा ढंग दिसला, तर शेरा लिहूच नका. लिब्रिव्हॉक्स या मोफत ध्वनिपुस्तकांच्या संकेतस्थळावर २००५पासून स्वयंसेवकच पुस्तकं वाचतात. तिथल्या नेहमीच्या तपासणीत अडखळणं, तेच वाक्य दोनदा येणं, लांब शांतता, गोंगाट, गळलेला मजकूर एवढंच पाहतात. वाचणाऱ्याच्या ढंगाला हात लावत नाहीत. शब्दन् शब्द पडताळायचा असेल तर तसं वाचणाऱ्याने स्वतः सांगावं लागतं. विरामाबद्दलचे शेरे मी सरसकट बंद करेन, अपवाद फक्त चुकीच्या जागी थांबल्याने अर्थ फिरला तर.

आणखी एक. पुस्तक समोर धरून ऐकलं की डोळा कानाला फसवतो. छापलेला शब्द दिसत असतो म्हणून तोच ऐकू आल्यासारखा वाटतो, आणि गळलेला ‘न’ हमखास निसटतो. म्हणून पहिल्यांदा पुस्तक मिटून ऐका आणि जिथे अर्थ लागला नाही तिथली वेळ टिपा. दुसऱ्यांदा पुस्तक उघडून. तासाभराच्या वाचनाला त्यामुळे दोन तासांच्या वर लागतात, पण खऱ्या चुका पहिल्या फेरीतच हाती लागतात.

टिंबटिंब
जुन्या लेखनाबद्दल. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’ यांतले अनुस्वार व्युत्पत्ती किंवा व्याकरण दाखवण्यापुरते होते. १९६२च्या लेखननियमांनी ते काढले. ते नाकात म्हणायचे नाहीत, सरळ ‘नाव’, ‘काही’, ‘घरी’. ‘केलें’, ‘मुलें’ यांचं मात्र सगळ्यांनी मिळून ठरवावं लागेल. मी असं सुचवेन: निवेदनात ‘केले’, ‘मुले’, पात्रांच्या तोंडी ‘केलं’, ‘मुलं’.

बोलायचे अनुस्वार वेगळे, आणि तिथे फारसं कुणी टोकत नाही. ‘संयम’मध्ये नाकातला य येतो. ‘संवाद’, ‘संशय’, ‘संसार’, ‘सिंह’ यांत नाकातला व. ‘सन्शय’, ‘सन्सार’ असं स्वच्छ न वाचलं की कृत्रिम वाटतं. ‘ज्ञ’ मराठीत द्न्य, ‘ग्य’ नव्हे. ‘कृपा’ म्हणजे ‘क्रुपा’, ‘क्रिपा’ नव्हे. ‘फूल’, ‘फळ’ यांतला फ ओठ मिटून सोडायचा. इंग्रजी वळणाने दात ओठाला लागले की तो हवेसारखा निसटतो.

च-ज-झसाठी वाचायच्या प्रतीवरच खूण करा. दंततालव्य असेल तिथे अक्षराखाली पेन्सिलीने टिंब द्या. सगळ्या शब्दांना नको, जिथे शंका आहे तिथेच. पुढे इ, ई किंवा य आला की तालव्यच, तिथे टिंब लागत नाही. म्हणून ‘माझा’ दंततालव्य आणि ‘माझी’ तालव्य. ‘आवाज’ आणि ‘आवाजी मतदान’ यांतही तसंच.

मधे पद्य असेल तर ते एकाच माणसाकडे द्या. भुजंगप्रयात वृत्तात चरणाची बारा अक्षरं भरावी लागतात. एरवी आपण गिळतो तो अ तिथे पूर्ण म्हणावा लागतो, नाहीतर वृत्त मोडतं.

तरंगरेषा
जोड ऐकू येतो याचं मुख्य कारण म्हणजे एकच शब्द बदलायला जाणं. शब्द नको, पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत अख्खं वाक्य घ्या. परिच्छेद लहान असेल तर सगळाच. वाचण्याआधी जुन्या फाइलचा अर्धा मिनिट हेडफोनवर ऐका आणि त्याच दमात सुरू करा. माइकचं अंतर तेच हवं, साधारण एक वीत. तोंड माइकच्या किंचित बाजूला ठेवा, म्हणजे च आणि फ यांची हवा थेट आदळत नाही. सकाळचा आवाज जड असतो, त्यामुळे संध्याकाळी वाचलेल्या प्रकरणाची दुरुस्ती संध्याकाळीच करा. दर बैठकीच्या सुरुवातीला दहा सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजूंना तीच वापरायची. तिथे कोरी शांतता घातली तर खड्डा पडल्यासारखा ऐकू येतो.

गोंगाट कमी करण्याचा फिल्टर दुरुस्तीच्या तुकड्याला वेगळा लावू नका. आधी जोड करा, मग अख्ख्या फाइलला एकदाच लावा.

वाचतानाच चूक कळली तर थांबू नका. माइकजवळ एक टिचकी मारा आणि वाक्य पहिल्यापासून म्हणा. पडद्यावरच्या आवाजाच्या तरंगात टिचकीचा सुळका उभा दिसतो, नंतर शोधावं लागत नाही.

तपासणाऱ्यांसाठी: ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल चालू असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या क्षणी खूण पडते. तिथेच शेरा लिहा आणि शेवटी सगळ्या खुणा मजकुराच्या फाइलमध्ये काढून वाचणाऱ्याला पाठवा. ‘तिसऱ्या मिनिटाच्या आसपास काहीतरी’ अशा शेऱ्याने वाचणाऱ्याचा जास्त वेळ शोधण्यातच जातो.

पानवाचक
कसोटी पटली. पण एकाच्या निवेदनात ‘पाणी’ सगळीकडे ‘पानी’ येतं. शब्द बदलत नाही, अर्थ कळतो. तरी तपासणारा अडून बसलाय.

टिंबटिंब
मी असते तर तिथे टोकलं असतं. निवेदन प्रमाण भाषेत लिहिलेलं आहे, आणि लेखकाने पात्रांना बोली दिली असेल तर निवेदन आणि संवाद यांतला फरक ऐकू यायला हवा.

कानोसा
फरक ऐकू यायला हवा, हे बरोबर. पण त्यासाठी झालेलं वाचन परत करायला लावणं मला पटत नाही. ‘पानी’ म्हणणाराही मराठीच बोलतो. पुढचं प्रकरण देण्याआधी त्यांच्याकडून एका मिनिटाचा नमुना घ्या, त्यात ण आणि ळ भरपूर असलेला परिच्छेद द्या. जमत असेल तर पुढे तसं वाचतील. नसेल तर त्यांना संवादप्रधान प्रकरणं द्या, आणि झालेलं काम राहू द्या.

तपासणीची जोडीही बदला. अ ने ब चं आणि ब ने अ चं तपासलं की देवाणघेवाण सुरू होते, मग एक तर दोघेही गप्प बसतात किंवा दोघेही हिशेब चुकते करतात. साखळी करा: अ चं ब ने, ब चं क ने. शेऱ्यात छापलेला शब्द आणि ऐकू आलेला शब्द एवढंच लिहायचं, विशेषण नको. ‘०४:१२, छापील: वेळ, ऐकू आलं: वेल.’ एवढं पुरे.

आणि विशेषनामांची यादी आजच करा. गावं, आडनावं, इंग्रजी साहेबांची नावं. जुन्या पुस्तकांत ऑची चंद्रकोर नसते, त्यामुळे एकच साहेब एका प्रकरणात ‘टाम’ आणि दुसऱ्यात ‘टॉम’ होतो. दृष्टिहीन श्रोत्याला पान उलटून खात्री करता येत नाही, त्याच्या दृष्टीने ती दोन माणसं. प्रत्येक नाव एकाने म्हणून छोटी फाइल करा आणि सगळ्यांना पाठवा. लिहून कळवलेला उच्चार पुन्हा सात तऱ्हांनी वाचला जाईल.