मदत हवी आहे: एएमएच कमी आलंय, रोजच्या वापरातलं नक्की काय बंद करू?

वय ३४. मूल हवंय म्हणून तपासण्या केल्या, तर एएमएच (अंडाशयात किती स्त्रीबीजं उरलीत याचा अंदाज देणारं हार्मोन) वयाच्या मानाने कमी निघालं. पाळी नियमित आहे, कसलं ऑपरेशन झालेलं नाही, सिगारेट नाही, आई-मावशीची पाळीही लवकर गेली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, कारण सापडेलच असं नाही. पटतं, पण डोक्यातून जात नाही.

मी बिलिंग काउंटरवर असते. दिवसभर हातात पावत्या, नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उमटते त्या थर्मल कागदाच्या. त्याच्या लेपात बीपीए (बिस्फेनॉल ए, हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारं रसायन) नाहीतर त्याचाच भाऊबंद बीपीएस असतो आणि बोटांना लागतो, असं वाचलं. त्यात आम्ही सारखं सॅनिटायझर चोळतो. ओल्या हाताने पावती धरली तर ते कातडीत जास्त मुरतं म्हणे.

घरी परफ्यूम, नेलपॉलिश, नॉनस्टिक तवा, प्लास्टिकचे डबे. नणंद म्हणते सगळं फेकून दे. मला तसं घाबरून काही करायचं नाहीये. आधी काय बदलू आणि कशाच्या नादी लागू नको, एवढंच सांगा. 'शरीरातली विषद्रव्यं मोजून देतो' अशी पॅकेजं दिसतात, ती करावीत का?

प्रतिसाद १
हातमोजे मागून घ्या, नायट्राइलचे. लाजू नका.

प्रतिसाद २
पॅकेजवर पैसे घालवू नका. बीपीए आणि थॅलेट्स (प्लास्टिक, परफ्यूममध्ये वापरतात ती रसायनं) लघवीवाटे साधारण दिवसभरात निघून जातात, त्यामुळे एका नमुन्यावरून फारसं कळत नाही. याचीच चांगली बाजू म्हणजे संपर्क तोडला की पातळी लगेच उतरते. पीएफएएस गटातली (नॉनस्टिक थरांसाठी वापरतात त्या गटातली) काही रसायनं मात्र वर्षानुवर्षं शरीरात राहतात. म्हणून तव्याचा थर निघाला असेल तर तवा बदला.

कामावर सॅनिटायझरऐवजी साबण-पाणी, हात कोरडे करूनच पावती, जेवणाआधी हात धुणं. घरी गरम जेवण प्लास्टिकच्या डब्यात भरू नका. 'बीपीए-फ्री' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात बीपीएस असू शकतं. परफ्यूम रोज न लावता कधीमधी लावलंत तरी पुष्कळ.

पण यातून एएमएच वाढेल ही आशा नको. जन्मतः असलेली १० ते २० लाख स्त्रीबीजं वयात येईपर्यंत ३-४ लाखांवर येतात, नवी तयार होत नाहीत. या रसायनांबद्दल माणसांवरच्या काही अभ्यासांत बीजं कमी असण्याशी संबंध दिसतो, पण तुमच्या बाबतीत हेच कारण, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पुरावा सगळ्यात पक्का आहे तो तंबाखूच्या धुराचा, त्याने पाळी वर्ष-दोन वर्षं लवकर जाते. घरात दुसरं कुणी ओढत असेल तर आधी ते बंद करा.

एएमएच अंदाज देतं बीजांच्या संख्येचा, दर्जाचा नव्हे. पाळी नियमित असताना केवळ तेवढ्यावरून दिवस राहणार नाहीत असं ठरत नाही. तरी वंध्यत्वतज्ज्ञांना आत्ताच भेटा, डबे बदलून वाट बघत बसू नका. आणि मिस्टरांची वीर्यतपासणी झालीय का? तुम्ही ते लिहिलंच नाहीत.