मोठेपणी शिकलेलं आणि अजून न विटलेलं : तुमचे अनुभव लिहा (ठाणे-नवी मुंबई)

घोडबंदरवाली

गेल्या पाडव्याला आम्ही घोडबंदर रोडला मोठ्या घरात आलो. बाविसावा मजला, हॉलच्या खिडकीतून येऊरचा डोंगर. पहिले दोन आठवडे येईल त्या पाहुण्याला आधी खिडकीपाशी नेऊन उभं करत होते. तिसऱ्या आठवड्यात तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड आला. आता डोंगर बघायचा तर ओले टॉवेल बाजूला सारावे लागतात.

१९७८ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता. मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं, तर लॉटरी न लागलेल्यांपेक्षा ते काही फार सुखी निघाले नाहीत. उलट नाश्ता, मित्राशी गप्पा असल्या रोजच्या गोष्टींत त्यांना मजा कमी वाटत होती. माझी लॉटरी म्हणजे वीस वर्षांचे हप्ते, पण गत तीच.

पोहण्याचं मात्र तसं झालं नाही. दोन वर्षांपूर्वी, ४६व्या वर्षी, पालिकेच्या तरणतलावावर नाव घातलं. नऊ दिवस कठडा सोडला नाही. बाजूला सात-सात वर्षांची पोरं बेडकासारखी टणाटण उड्या मारतायत, आणि मी बार धरून पाय झाडतेय. सर रोज एकच सांगायचे, "मॅडम, मान सोडा. मान वर धरली की पाय बुडणारच." (नवरा म्हणाला, हे मी लग्नापासून सांगतोय.) दहाव्या दिवशी तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडत होते, तेव्हा एकदम जाणवलं की पाय वर आलेत आणि हाताला कठडा नाही. चार सेकंद असतील. नाकात पाणी, डोळ्यांत क्लोरीन, आणि मी खुळ्यासारखी हसतेय. बटरफ्लाय अजून येत नाही. तरी सकाळी सहाच्या बॅचला उठायला गजर लागत नाही.

याला कुणी स्वतःचा विकास म्हणतं, कुणी रिकामपणचे उद्योग. तुमचं काय आहे ते लिहा. फसलेलंही चालेल.

सीवूड्सचा निवृत्त

निवृत्तीनंतर पहिले चार महिने एकच पेपर तीनदा वाचत होतो. मग मुलाने दुर्बीण आणून दिली, बहुतेक मी घराबाहेर पडावं म्हणून.

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली ते रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेलं. मी १९९६पासून इथे राहतो आणि माझ्या लेखी ते नुसते 'गुलाबी पक्षी' होते. तळ्याकाठी एका कॉलेजच्या मुलीने सांगितलं, काका, रंग नका बघू, चोच बघा. मोठ्या रोहितची (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. लहान रोहितची सगळीच गडद, लांबून काळीच दिसते. त्या दिवशी दोन तास नुसत्या चोची बघितल्या. घरी आलो तर मान आखडलेली.

खाडीत भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी आतल्या तळ्यांवर येतात. म्हणून आता फ्रिजवर भरती-ओहोटीचं कोष्टक असतं. सौ. म्हणते, आधी शेअर बाजार होता, आता समुद्र. तुतवार, म्हणजे चिखलात फिरणारे छोटे पक्षी, मात्र तीन हिवाळे झाले तरी ओळखता येत नाहीत. सगळे मातकट, सगळे घाईत.

वही बंद

माझं फसलेलं. कुठेतरी ऐकून कृतज्ञतेची वही सुरू केली, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी. पहिल्या दिवशी पानभर. एकोणिसाव्या दिवशीची नोंद : 'चहा. पंखा. चहा.' पुढे पुढे तर दिवसभर रात्रीच्या नोंदीसाठी माल शोधत फिरायला लागले. उरलेल्या पानांवर दूधवाल्याचा हिशेब चालू आहे.

घणसोली गाव

नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली आणि पुढे आज्याची खाचरं, मिठागरं गेली. राहिली एक पत्र्याची पेटी आणि तिच्यात जुन्या मोडी लिपीतले कागद. घरात सगळ्यांना वाटायचं, यात जमिनीचं काहीतरी मोठं आहे. वाचून घ्यायला माणूस शोधायचा तर पैसे, म्हणून मीच शिकायला बसलो. वय ५१, दहावीला मराठीत ४२.

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. पहिला महिना मला ओळ म्हणजे गुंतलेलं जाळं दिसायचं. पाचव्या महिन्यात पहिला कागद पुरा लागला. म्हशीची खरेदी. 'शिंग डावे मोडके.'

भाऊ म्हणाला, एवढं करून म्हैस? मी मात्र रात्री दोनपर्यंत जागा. शंभर वर्षांपूर्वी आमच्या अंगणात डाव्या मोडक्या शिंगाची म्हैस होती आणि आख्ख्या गावात हे फक्त मला ठाऊक! पेटीतले अकरा कागद झाले, जमीन अजून निघालेली नाही. आता रविवारी शेजारपाजारचेही पिशव्या घेऊन येतात.

नऊ-दहा नंबर

हे सगळं वेळ असलेल्यांचं. मी ठाणे-पनवेल लोकलवाला, रात्री साडेनऊला घरी. तरी एक लिहितो. आमच्या डब्यात भजनी मंडळी असतात. सहा वर्षं त्यांच्यावर वैतागलो, कारण झोप व्हायची नाही. एकदा एक काका आजारी होते, तर त्यांचे टाळ माझ्या हातात कोंबले. ठेका चुकला की शेजारचा बोलत नाही, नुसता गुडघा दाबतो. पहिल्या आठवड्यात गुडघा सुजायचा बाकी होता. काका परत आले तेव्हा मी स्वतःचे टाळ घेतले.

घोडबंदरवाली

@सीवूड्स, मुलीला ती चोच बघायचीय. रविवारी आलो तर चालेल का?

सीवूड्सचा निवृत्त

या की. भरतीची वेळ शनिवारी रात्री कळवतो. दुर्बीण एकच आहे, आलटून-पालटून बघू. चांगल्या चपला घालू नका, चिखल आहे.