कॉर्व्हेट एलटी-1: 1970 ला 370 एचपी, 1972 ला 255, इंजिनाला झालं काय?

विश्रामबागचा_पोरगा
मंडळी, एक शंका आहे. रद्दीच्या दुकानात जुनी अमेरिकन गाड्यांची मासिकं घावली, तवापासून शेवरोले कॉर्व्हेटचा नाद लागलाय. त्यातलं एलटी-1 इंजिन, 350 क्युबिक इंच म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8. पॉवर 1970 ला 370 एचपी, 71 ला 330 आणि 72 ला एकदम 255. ब्लॉक तोच, लिटर तेवढेच, मग दोन वर्षांत 115 घोडे गेले कुठं? मित्र म्हणतोय की 72 ला कंपनीनं इंजिनाची वाट लावली, घ्यायची तर 70 चीच घ्यावी. घेणार कोण डोंबलाचं, पण वाद तर मिटला पाहिजे ना. कुणाला माहीत असेल तर नीट सांगा.

साखरपट्टा
मायलेज किती देते ओ?

टेस्टबेडवाला_सातारा
लिटरला चार-पाच देत असेल, नाव काढू नका.

मुद्द्याचं बोलतो. इकडं एमआयडीसीत इंजिन टेस्टिंगला बरीच वर्षं काढली त्यामुळं हा विषय जवळचा आहे. 370 आणि 255 ही वेगवेगळी मापं आहेत, एकातून दुसरं वजाच करायचं नसतं. 1971 पर्यंत तिकडं ग्रॉस एचपी छापायचे. म्हणजे इंजिन गाडीतून बाहेर, टेस्ट बेडवर डायनोला (पॉवर मोजायच्या यंत्राला) जोडलेलं, एअर फिल्टर काढलेला, पंखा नाही, अल्टरनेटर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, टेस्टच्या खोलीचा मोकळा एक्झॉस्ट, वरनं ठिणगीचं टायमिंग आणि हवा-पेट्रोलचं मिक्श्चर अगदी जमेल तेवढं चांगलं लावून जो आकडा येईल तो ब्रोशरात. 72 पासून नेट एचपी आला, म्हणजे हे सगळं लटांबर गाडीत असतं तसं इंजिनाला लावून मोजायचं. उसाची ट्रॉली काट्यावर भरलेली धरली का रिकामी वजा करून धरली, एवढाच फरक, ऊस तेवढाच असतो.

आणि याचा पुरावा 71 च्याच आकड्यांत आहे. त्या एका वर्षी कंपनीनं दोन्ही आकडे दिले होते: एलटी-1 ला ग्रॉस 330, नेट 275. इंजिन एकच, नुसत्या मोजण्यात 55 गेले. 72 चे 255 या 275 शेजारी ठेवून बघ, मग 20 चाच फरक उरतो.

खंबाटकी_थर्ड_गिअर
ते ठीक आहे दादा, पण सगळं कागदावरच गेलं असं म्हणून चालणार नाही. 370 आणि 330 दोन्ही ग्रॉसच आहेत की. ते 40 खरोखरचे गेलेत. 70 ला कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 11 ला 1 होतं, 71 ला 9 ला 1 केलं. कारण पेट्रोल. धूर कमी करायचे कायदे येऊ घातलेले, पुढं धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागणार हे दिसत होतं आणि पेट्रोलमधलं शिसं कन्व्हर्टरची वाट लावतं. शिसं काढलं की ऑक्टेन (पेट्रोलची दाब सोसायची ताकद) घसरतो, मग 11 च्या कॉम्प्रेशनला इंजिन नॉक करणार, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून खडखडणार. म्हणून जीएमनं (शेवरोलेच्या मूळ कंपनीनं) 71 च्या गाड्या 91 ऑक्टेनवर चालतील अशा केल्या. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल पण बरीच वर्षं 91 चंच होतं, म्हणजे तवा 70 ची एलटी-1 सांगलीत आणली असती तर साध्या पेट्रोलवर चढाला खडखड करत बसली असती, 71-72 ची निमूट चालली असती.

साखरपट्टा
पण आताच्या साध्या हॅचबॅकला पण 11-12 कॉम्प्रेशन असतंय की, त्या बऱ्या चालायच्या 91 वर?

खंबाटकी_थर्ड_गिअर
त्यांना नॉक सेन्सर आहे ना भावा, खडखड व्हायच्या आत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग मागं घेतो. एलटी-1 ला लोखंडी हेड आणि कारब्युरेटर, तिथं सांगणार कोण.

मिरज_गॅरेज
नुसत्या एचपीवर भांडू नका राव. एलटी-1 ची मजा म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे सॉलिड लिफ्टर. बाकीच्या 350 ला हायड्रॉलिक लिफ्टर होते, ते क्लिअरन्स (मधली फट) आपोआप धरतात. ह्याला कव्हर काढून एकेक टॅपेट (म्हणजे ती फट) फिलर गेजच्या पातळ पट्टीनं लावत बसायचं, सोळाच्या सोळा, गेज ओढताना जरा अडकल्यासारखं लागलं पाहिजे, घट्ट बसलं तर व्हॉल्व्ह जळणार. चालू असताना शिलाई मशीनगत टकटक वाजणार आणि गिऱ्हाईक म्हणणार आवाज येतोय बघा. पण लिफ्टर तसे असल्यामुळंच ते साडेसहा हजार आरपीएमपर्यंत जातंय. आणि हे सगळं 72 च्या इंजिनाला पण होतं, त्यामुळं भंगार म्हणणाऱ्यानं आधी एकदा टॅपेट लावून बघावं.

विश्रामबागचा_पोरगा
लई भारी, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे 370 वरनं 330 खरे गेले, 330 वरनं 275 नुसते कागदावर आणि शेवटचे 20 किरकोळ. मित्राला वाचून दाखवलं, आता तो म्हणतोय 72 नंतर तरी कॉर्व्हेट बसली हे मान्य कर.

टेस्टबेडवाला_सातारा
ते मान्य कर, त्यात तो बरोबर आहे. 72 नंतर एलटी-1 बंदच झालं. साधं 350 घेतलं तर 72 ला नेट 200 होतं आणि 75 ला कन्व्हर्टर लागल्यावर 165. दोन्ही नेट, माप एकच, त्यामुळं इथं कागदावर ढकलता येत नाही. त्याला म्हणावं शिव्या घालायच्याच असतील तर 75 ला घाल, 72 ला सोड.