मुलीला तबल्याला घालू की अ‍ॅबॅकसला? संगीताचा अभ्यासाला खरंच उपयोग होतो का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत, सेमी इंग्लिशला. दिवसभर टेबल, डबा, दप्तर, जे हाताला लागेल त्यावर ठेका धरत असते आणि आमच्या सोसायटीत एक सर तबला शिकवतात तिकडे जायचं म्हणून मागे लागलीये. मिस्टरांचं म्हणणं त्याच वेळात अ‍ॅबॅकसला घाल, गणित पक्कं होईल, तबला काय सुट्टीतही शिकता येतो. सासूबाई मात्र नातीच्या बाजूने. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं की संगीताने मेंदू तल्लख होतो, आयक्यू वाढतो, त्यात खरं किती? ज्यांची मुलं शिकतायत किंवा जे स्वतः शिकवतात त्यांनी प्लीज सांगा.

धाधिंधिंधा
ताई, मी तबलाच शिकवतो, त्यामुळे क्लासमध्ये काय होतं तेवढंच सांगतो. सुरुवातीला मी मुलांना वाजवण्यापेक्षा पढंत जास्त करायला लावतो, म्हणजे हाताने टाळी द्यायची आणि तोंडाने बोल म्हणायचे. तीनताल 16 मात्रांचा, चार-चारचे चार भाग, 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. एकाच वेळी तोंड, हात आणि समेचं, म्हणजे पहिल्या मात्रेचं भान, सगळं सांभाळायचं. मग दुगुन आली की हाताची लय तीच ठेवून एका मात्रेत दोन बोल बसवायचे, इथे भलेभले गडबडतात. घाई केली की लय सुटते आणि ते मुलाला स्वतःलाच ऐकू येतं, मला सांगावं लागत नाही. माझ्यामते सगळ्यात मोठा फायदा हाच, आपली चूक आपल्याच कानाने पकडायची आणि न रडता परत समेपासून सुरू करायचं. सात वर्षांच्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे हो. गणिताचे मार्क वाढतील अशी गॅरंटी मात्र मी कुठल्याच पालकांना देत नाही.

पानोपानी
त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गोष्टीचं मूळ 1993 च्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, नंतर आकृत्यांची मनातल्या मनात कल्पना करायच्या चाचणीत ती जरा बरी ठरली, आणि तो परिणामही पंधराएक मिनिटांत ओसरला. त्यात लहान मुलं नव्हती आणि शिकणंही नव्हतं, नुसतं ऐकणं. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटायला सरकारी पैसे मागितले होते!

खरोखर शिकण्यावरचा प्रयोग म्हणजे ग्लेन शेलेनबर्ग यांचा, टोरांटोतला, 2004 चा. सहा वर्षांची 144 मुलं, काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. वर्षाने संगीतवाल्यांचा आयक्यू बाकीच्यांपेक्षा थोडासा जास्त वाढला, आणि चारचौघांत वागणं सुधारलं ते नाटकवाल्यांचं. पुढे 2020 मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले तर नीट आखलेल्या प्रयोगांत अभ्यासावर फरक जवळपास दिसलाच नाही. म्हणून गणितासाठी तबला, हे डोक्यातून काढा. पण कानाचं वेगळं आहे. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या, संगीत शिकणाऱ्या मुलांवर नीना क्राउस यांच्या टीमने काम केलं, बोलण्यातले बारीक आवाज मेंदू कसे टिपतो ते बघितलं, तर फरक दिसला तो दोन वर्षं शिकल्यावर, एका वर्षात नाही. त्यामुळे सुट्टीतल्या शिबिराने काही होणार नाही, हे साहेबांना नक्की सांगा.

कृष्णाकाठची मावशी
माझा मुलगा गाणं शिकतो, सहावीत आहे. गणितात आधीही मध्यम होता आणि आताही मध्यमच, पण ऐकायला शिकलाय. समूहगानात शेजारच्याचा आवाज ऐकूनच आपला लावावा लागतो ना, आधी कुणाचं बोलणं पुरतं ऐकायचा नाही, आता थांबतो. परवा कुठेतरी गाणं लागलं तर पळत स्वयंपाकघरात आला, आई हा भूप राग आहे, यात म आणि नी नाहीत बघ! त्याचा चेहरा बघून मला इतकं भरून आलं. एक विनंती मात्र आहे, लगेच परीक्षांच्या मागे लावू नका गं. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा चांगल्याच आहेत, पण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून प्रारंभिक, प्रवेशिका अशी मुलांना पळवत नेणारे पालक मी बघते, मुलं तेच ते वाजवून कंटाळतात आणि मग वाद्य कोपऱ्यात जातं. पोरीला स्वतःहून जायचंय, हे किती मुलांच्या बाबतीत होतं? घाला तिला.

गोदाकाठची
सगळ्यांचे खूप आभार. मिस्टरांना वाचायला दिलं, ते म्हणाले ठीक आहे, पण मग दोन वर्षं मधे सोडायचं नाही, आणि मला ते पटलं. अ‍ॅबॅकस सध्या नको. आता प्रश्न तबल्याचा, लगेच विकत घ्यावा का? तिचे हात अगदीच छोटे आहेत.

धाधिंधिंधा
थोडे दिवस थांबा, पढंत होऊ दे, क्लासमधल्या जोडीवर हात बसू दे. मग सरांना सोबत घेऊन जा. उंच सुराचा दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, लहान तोंडाचा असतो, तो छोट्या हाताला झेपतो, चाटेपासून (कडेपासून) शाईपर्यंत (मधल्या काळ्या भागापर्यंत) बोटं नीट पोचतात. ऑनलाइन मागवू नका, वाजवून बघितल्याशिवाय कळत नाही.