इंटरकॉन्टिनेंटल कप नक्की काय, टूर्नामेंट की नुसत्या फ्रेंडली?

कोपऱ्यातला_गोलकीपर: लोकहो एक शंका आहे, आपण २०१८ आणि २०२३ ला फुटबॉलचा इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला म्हणतात, पण यात टीम कशा येतात तेच कळत नाही, एकदा केनिया न्यूझीलंड, एकदा वानुआतू मंगोलिया, याला क्वालिफाय वगैरे काही असतं का? आणि रँकिंगला धरतात का?

ऑफसाइड_आहे_रे: क्वालिफाय काही नाही, निमंत्रणावर चालतं सगळं. आपलं फेडरेशन बोलावतं, ज्यांना जमतं ते येतात. २०१८ ला साउथ आफ्रिका येणार होती, त्यांनी नाही म्हटलं म्हणून केनिया आली. मॅच अधिकृत असतात, फिफाच्या हिशोबात धरतात, पण फ्रेंडली म्हणूनच. आताच्या पद्धतीत रँकिंगचे पॉइंट मोजताना फिफा विंडोमधल्या, म्हणजे देशांच्या मॅचसाठी फिफाने राखलेल्या दिवसांतल्या फ्रेंडलीचं वजन १०, विंडोबाहेर ५, वर्ल्ड कप क्वालिफायरचं २५, त्यात समोरची टीम खाली असेल तर जिंकूनही चिल्लरच हाती लागते आणि हरलात तर पॉइंट चांगलेच कापले जातात.

अंधेरी_वेस्ट_स्टँड: २०१८ ला अंधेरीत पहिल्या मॅचला चायनीज तैपेईला ५-० हाणलं, आपला कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणूस!! मग त्याने तो व्हिडिओ टाकला, शिव्या द्या पण स्टेडियमला या म्हणून, आणि केनियाच्या मॅचला तिकीट मिळेना. मी होतो तिथे, आझादनगर मेट्रोपासूनच निळे टीशर्ट, वरून धो धो पाऊस, ग्राउंडवर एवढं पाणी की पास दिला की बॉल मध्येच फतकल मारून बसायचा, सेकंड हाफमध्ये छेत्रीने पेनल्टी मारली, लगेच आपल्या जेजेचा गोल, आणि शेवटी पुन्हा छेत्री, ३-०. त्याची शंभरावी मॅच होती ती. फ्रेंडली म्हणा नाहीतर काही म्हणा, तसा माहोल मी परत बघितला नाही.

मडगावचो_भाऊ: नवीन पोरांना हे नवं वाटतं, पण आपल्याकडे १९८२ पासून नेहरू कप होता की. पहिला कोलकात्यात, उरुग्वेने नेला. १९८४ ला कोच बिलार्डोची अर्जेंटिना आलेली, आपण फक्त १-० ने हरलो आणि दोन वर्षांनी तेच बिलार्डो वर्ल्ड कप जिंकले. १९८९ चा आमच्या गोव्यात फातोर्ड्याला झाला, हंगेरी जिंकली. तेव्हा आपण हरायचो पण कोण कोण बघायला मिळायचं! नंतर २००७, २००९, २०१२ तिन्ही आपण जिंकलो, दिल्लीत.

ऑफसाइड_आहे_रे: भाऊ, ते खरं, पण आता तगड्या टीम बोलावल्या की काय होतं तेही बघा ना. २०१९ ला अहमदाबादेत ताजिकिस्तानने ४ आणि उत्तर कोरियाने ५ घातले. २०२४ ला हैदराबादला मॉरिशसशी ०-० आणि सीरियाकडून ३-० ने मार. तरी मी म्हणेन तगड्याच बोलवा, वानुआतूला शेवटच्या दहा मिनिटांत १-० ने हरवून काय शिकणार आपण.

कोपऱ्यातला_गोलकीपर: पण २०२३ ला जिंकल्यावर रँकिंग शंभरच्या आत आलं ना? वर्ल्ड कप क्वालिफायरचे ग्रुप पाडायच्या ड्रॉमध्ये पॉट २, म्हणजे रँकिंगप्रमाणे दुसरा गट पण मिळाला होता.

ऑफसाइड_आहे_रे: हो, जुलैत ९९. पण फक्त या कपामुळे नाही, मार्चमध्ये इम्फाळची ट्राय नेशन (तीन देशांची स्पर्धा) होती आणि नंतर सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाची स्पर्धा पण जिंकलो. आणि पॉट २ मिळवून कतार, कुवेत, अफगाणिस्तानच्या ग्रुपमधून पुढे गेलोच नाही, ते पण लिहा की.