मदत हवी आहे: दुसरीच्या वर्गात सगळ्यांचं वाचन एकत्र कसं घेऊ?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे, पट ३४. त्यातली एक मुलगी श्रवणयंत्र लावते. ती माझ्या ओठांकडे बघून शब्द पकडते; मी फळ्याकडे वळले की तिचा धागा तुटतो. शिवाय प, ब, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे मी ‘बाळ’ म्हटलं की ती ‘माळ’ म्हणते आणि शेजारची मुलं हसतात. परवा तिने पुस्तक मिटून गुपचूप दप्तरात ठेवलं. ते मला फार लागलं.

आणखी एका मुलाची घरची भाषा वेगळी आहे. तो अक्षरं जोडून वाचतो, पण वाचलेल्याचा अर्थ विचारला की गप्प होतो. तिघं-चौघं अजून घ-ध, भ-म मध्ये अडकतात.

गेल्या वर्षी वाचनपातळीनुसार गट केले होते. वाचन थोडं सुधारलं, पण आठवड्याभरात मुलंच ‘कच्चा गट’ म्हणायला लागली. पुन्हा तसं करायचं नाही, हे नक्की. आता एकच चित्रगोष्ट सगळ्यांना देते, मुलांकडे तोंड करून वाचते, मग जोड्या लावते. जोडीत मात्र सराईत वाचणारं मूलच सगळं वाचून टाकतं.

जोडीवाचनात दोघांनाही खरं काम राहील असं कुणी काही केलंय का? आणि प-ब-म साठी हाताच्या खुणा वापरल्या असतील, तर नेमक्या कोणत्या? सोमवारपासूनच करून बघेन.